लेण्याद्रीहून धरणाच्या काठी



‘फिरायला जाणे’ हे शब्द आपल्या शेतकरी घरांत फारशा चांगल्या अर्थाने वापरले जात नाहीत. एखादा मुलगा कामधंदा सोडून हिंडू लागला की आपण म्हणतो, ‘फिरतोय नुसता!’ ज्याचे दिवसभराचे चालणे बांधावरून आणि पाटावरून होते, त्याला कोणी ‘फिरायला जात जा’ असे सांगितले तर तो हसेल. मीही पुष्कळ वर्षे हसत आलो.

कृषी खात्यात विस्ताराचे काम करू लागलो त्याला तीस वर्षे होऊन गेली. पहिली वर्षे सायकल आणि एसटी, पुढे मोटारसायकल. आता पन्नाशी ओलांडली, केसांबरोबर हुद्दाही थोडा पिकला, आणि बसून करायचे काम वाट्याला आले. सकाळी बैठक, दुपारी अहवाल, संध्याकाळी मोबाइलवर आलेल्या निरोपांना उत्तरे. घर पुण्यात, सातव्या मजल्यावर. गेल्या वर्षी रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी विचारले, “चालता का?” मी म्हणालो, “आयुष्यभर चाललो.” ते म्हणाले, “मी आताचे विचारतोय.”

आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून चालण्यासाठी फरशीचा पट्टा केलेला आहे. त्यावरून घाण्याच्या बैलासारखे फेरे मारून पाहिले. चार दिवसांत कंटाळलो. शेवटी माघी गणेश जयंतीची गर्दी ओसरल्यावर दोन दिवसांची रजा टाकली आणि जुन्नरची एसटी धरली. लेण्याद्रीचे दर्शन घ्यायचे आणि तिथून अक्काच्या गावी, माणिकडोह धरणाच्या काठाला जायचे, असा बेत होता. मुलीची परीक्षा असल्यामुळे सौ. येऊ शकली नाही.

लेण्याद्री आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते, पण ते यात्रेच्या घाईत. जुन्नरपासून पाचेक किलोमीटरवर, कुकडीच्या उत्तरेला हा डोंगर आहे. पायथ्याला गोळेगाव. पायऱ्या तीनशेच्या आसपास. हातात खाण्याची पिशवी ठेवू नका, माकडे वाटच पाहत असतात. रक्तदाबवाल्यांनी घाई करू नये. मी तीन ठिकाणी बसलो आणि लाज वाटून घेतली नाही. माझ्यापुढे पाटस कवठ्याकडच्या वाटाव्यात अशा दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून चढत होत्या, त्याही दर वळणाला टेकत होत्या.

अष्टविनायकांपैकी डोंगरात कोरलेल्या लेण्यात बसलेला गणपती हा एकच, गिरिजात्मज. इथे सुमारे तीस लेणी एका रांगेत आहेत. सहावे लेणे हे बौद्धांचे चैत्यगृह आणि सातव्यात गणपतीचे देऊळ. एवढा मोठा सभामंडप, पण मधे एकही खांब नाही. मंडपाच्या भिंतींना लहान लहान खोल्या आहेत. मुळात हा भिक्षूंचा विहार, पावसाळ्यात मुक्काम करण्यासाठी केलेला. पुढे त्यात गजानन आले. एका छताखाली दोन काळ नांदतात.

मला तिथे नेहमी थांबवते ते पाणी. लेण्यांच्या कडेला खडकात खोदलेली टाकी आहेत, त्यांना जुना शब्द ‘पोढी’. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी त्यात साठवायचे आणि वर्षभर पुरवायचे. आपण आज शेततळे म्हणतो, त्याचाच हा जुना भाऊबंद. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात असे नोंदवले आहे की, धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. दुसऱ्या एका लेखात करंजाच्या व वडाच्या झाडांपाशी असलेली जमीन, निवर्तन या मापाने मोजून, दान दिल्याची नोंद आहे. हे लेख अठराशे वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा माल याच खोऱ्यातून जाई, त्यामुळे इथे पैसा होता. पण पैसा कुणाचा, जमीन कुणाची आणि पाणी कुणी दिले, हे त्या लोकांनी दगडावर लिहून ठेवले.

लेण्यासमोर उभे राहिले की खाली कुकडीचे खोरे दिसते. समोर शिवनेरी, मधे जुन्नर, आणि चहूकडे गहू, कांदा, ऊस यांचे हिरवे तुकडे. ऊर भरून वारा घेतला. डोक्यातली बैठकांची गजबज तिथेच निम्मी उतरली. उरलेली निम्मी धरणाच्या काठी उतरेल असे वाटले होते. तसे झाले नाही. ते आता सांगतो.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आमचे माहेरचे गाव पारनेर तालुक्यात. तिला जुन्नरच्या पश्चिमेला, कुकडीकाठच्या गावात दिली. तिच्या सासरची जमीन दोन प्रकारची होती. नदीला लागून मळई, काळी, चिकट, ओल धरणारी. आणि वर टेकाच्या अंगाला तीन एकर मुरमाड. लहानपणी मी सुट्टीला जाई, तेव्हा दाजी मला मळ्यातल्या विहिरीवर पोहायला नेत. विहिरीच्या काठाला रायवळ आंब्याचे झाड होते. त्याचा आंबा आंबट, पण झाडावरून उडी मारायला फांदी सोयीची.

१९८०च्या दशकात माणिकडोह धरणात पाणी अडले आणि मळई, विहीर, आंबा सगळे बुडाले. कुकडी प्रकल्पाची धरणे पाच: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातले डिंभे. त्यांच्या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि पार करमाळ्यापर्यंतची शेती उभी आहे. माणिकडोहचे पाणी नदीने येडगावला येते आणि तिथून डाव्या कालव्याने खाली जाते. आमच्या पारनेरच्या गावालाही तेच पाणी आले. जिथे बाजरी आणि मटकीपलीकडे काही होत नव्हते, तिथे ऊस आणि कांदा झाला. म्हणजे अक्काचे सासर बुडाले तेव्हा तिचे माहेर भिजले. ही गोष्ट आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवली नव्हती. मीही नाही.

संध्याकाळी पोहोचलो. अक्काने चुलीवर पाणी तापवून ठेवले होते. जेवायला बाजरीची भाकरी, पिठले आणि ओल्या हरभऱ्याचे सोलाणे. भाचाही आलेला होता. तो चाकणच्या एका कारखान्यात कामाला असतो आणि तिथेच भाड्याच्या खोलीत राहतो. दाजींना जाऊन सहा वर्षे झाली. जेवणे उरकल्यावर भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही आलात ते बरं झालं. एक गिऱ्हाईक आलंय.”

पुण्याचे एक गृहस्थ दोनदा मोटार घेऊन येऊन गेले होते. त्यांना काठावरची दोन एकर हवी होती, घरातून पाणी दिसले पाहिजे एवढीच अट. भाव असा सांगितला होता की भाच्याची झोप उडाली होती. त्याचे म्हणणेही चुकीचे नव्हते. मुले शाळेच्या वयाची. नोकरी कंत्राटी. चाकणला किंवा मोशीला दोन खोल्या घ्यायच्या तर पैसा कुठून आणायचा? आणि ही मुरमाड जमीन देते किती? एप्रिलपासून प्यायच्या पाण्याचीही ओढाताण होते. समोर एवढे धरण, पण ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’. त्या म्हणीचा अर्थ मी त्या ओट्यावर बसून नव्याने शिकलो.

अक्का काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “सकाळी फिरायला जायचंय ना तुला? मी येते.”

सकाळी उजाडल्यावर निघालो. इथे एक सूचना करतो. या भागात पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेला काठाने एकटे फिरू नका. बिबट्याची वस्ती आहे. कालव्यांनी ऊस वाढला, उसाने बिबट्याला आडोसा दिला, आणि आता त्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्र याच माणिकडोहला आहे. उजेडात जा, चौघे मिळून जा, मुलांना मधे घ्या, शेतात वाकून एकट्याने बसू नका. आणि ऊसतोडीत पिल्ले सापडली तर त्यांना हात न लावता वनखात्याला कळवा. आई त्यांना न्यायला परत येते.

माघात धरण पुरते भरलेले नसते. आवर्तने सुटू लागली की पाणी मागे सरकते आणि काठाला पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसतात. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी जिथे काही दिवस थांबले त्याची खूण. सकाळी पाण्यावरून धुके उचलत होते. दूर चक्रवाकाची जोडी होती, अंगाने भगवी, आवाजाने भांडखोर. काळ्या वारकरी पक्ष्यांचा थवा पाण्यावर पोहत होता. कपाळावर पांढरा टिळा असतो म्हणून त्यांना वारकरी म्हणतात की काय, कोण जाणे. खुंटावर पंख पसरून पाणकावळा उन्हाला बसला होता, जसे आपण धुणे वाळत घालतो तसे. टिटवी आमच्यावर ओरडत बरोबर चालली होती. आणि नांगरामागे किडे वेचणारा आपला ओळखीचा परीट शेपटी हलवत ओल्या चिखलात फिरत होता. हा पाहुणा थंडीपुरता येतो, उन्हाळा लागला की उत्तरेला निघून जातो. टेकाला एक पळस फुलायला लागला होता.

डॉक्टरांचे खरे होते. अर्ध्या तासात छाती मोकळी झाली. फरशीवर चालणे वेगळे आणि ओल्या मातीत पाय रोवत चालणे वेगळे. इथे नजर लांब जाऊ शकते. शहरात नजर समोरच्या भिंतीला अडते आणि मन मागे येते.

पाणी मागे सरते तशी जी जमीन उघडी पडते, तिच्यात लोक गाळपेर करतात. जमीन सरकारच्या मालकीची, संपादन झालेली. ज्यांची बुडाली त्यांना ती हंगामापुरती कसायला देताना प्राधान्य असते. ओलीवर हरभरा, गहू, मसूर येतो, पाणी द्यावे लागत नाही. अक्कानेही एक पट्टा हरभरा केला होता. घाटे भरले होते. माझ्यातला विस्तार अधिकारी जागा झाला. मी वाकून घाटेअळी पाहिली. एखाद-दुसरी होती. अक्काने शेतात काटक्या रोवून ठेवल्या होत्या, त्यावर पक्षी बसत आणि अळ्या वेचत. मी म्हणालो, “अक्का, फवारलं नाहीस हे चांगलं केलंस. औषध इथं मारलं की ते थेट पाण्यात.” ती म्हणाली, “आरं, हेच पाणी माझ्या भावाच्या गावाला जातं. त्यात मी इख कालवू व्हय?”

मी सरळ उभा राहिलो.

ती पुढे चालत गेली आणि पाण्याकडे बोट करून म्हणाली, “त्या खुंटाच्या डाव्या अंगाला इहीर. तिच्या म्होरं आंबा. तू पाय घसरून पडला व्हतास तो.” मला फक्त पाणी दिसत होते. तिला दिसत होते ते सगळे. वैशाखात, पाणी अगदी तळाला गेले की विहिरीचा काठ वर येतो. दरवर्षी ती जाऊन काठाला हळद-कुंकू लावून येते. पाऊस पडला की काठ पुन्हा बुडतो.

मग ती एका दगडावर बसली आणि तिने मला तो प्रश्न विचारला. “तू इकलीस की आपली जमीन. मी सही दिली. आता मला खरं सांग, इकून काय मिळालं?”

वाचकहो, इथे मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. २००७ साली मी पारनेरच्या जमिनीतला माझा वाटा विकला आणि पुण्याची सदनिका घेतली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २००५ च्या कायद्याने, वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क मिळालेला होता. मी पदवीधर, सरकारी नोकर. मला कायदा माहीत होता. तरी मी हक्कसोडपत्राचा कागद घेऊन अक्काकडे आलो. तिने वाचलाही नाही. चुलीपुढून उठली, हात पदराला पुसले आणि सही केली. मी तिला एक लुगडे नेले होते. एक लुगडे! जमिनीला जो भाव आला तो कालव्यामुळे आला होता. आणि कालव्याचे पाणी जिथे साठले होते, तिथे तिची मळई होती. एकाच बाईने एकाच जमिनीसाठी दोनदा दिले, आणि दोन्ही वेळा तिचे नाव कुठे लागले नाही.

लेण्याद्रीवर धान्याच्या व्यापाऱ्यांची पोढी आठवून मी कौतुक करून आलो होतो. ते कौतुक त्या दगडावर बसून मला जड झाले.

मी म्हणालो, “अक्का, घर मिळालं. मुलगी शिकली. ते खोटं नाही. पण रजा काढून फिरायला मला तुझ्या बांधावर यावं लागतं.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजी त्या पुण्याच्या मान्साचंबी तेच हाय. तुझ्यावानी. त्याला बसायला बांध पायजे.” आणि हसली. रागावली असती तर बरे वाटले असते.

संध्याकाळी आम्ही तिघे ओट्यावर बसलो आणि मी कागद-पेन्सिल घेतली. विकायचे की नाही हे मी सांगणार नाही असे आधीच सांगितले. ते सांगण्याचा माझा अधिकार २००७ सालीच गेला. पण विकण्याआधी काय पाहावे ते सांगितले. तुमच्यापैकी कोणी धरणाकाठी राहत असेल तर त्यांनीही ऐकावे.

पहिले, सातबारा आणि मोजणी नीट पाहा. काठावरची संपादित जमीन सरकारची आहे. पाण्यापर्यंतचा पट्टा ‘बरोबर मिळेल’ असे कोणी गिऱ्हाइकाला सांगितले तर उद्या भांडण तुमच्या दाराशी येईल. दुसरे, शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. पुनर्वसनात मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. तिसरे, रस्ता आणि विहीर कुणाच्या वाट्याला राहते ते कागदावर आणा. चौथे, घरातल्या लेकी-बहिणींना समोर बसवून विचारा. कागद त्यांना वाचून दाखवा. सही नंतर.

मग न विकता काय करता येईल त्याचा हिशेब मांडला. मुरमाड जमिनीला धरणातला गाळ मानवतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. आधी माती परीक्षण करून मुरमावर गाळाचा बेताचा थर दिला तर ओल टिकते. भारी काळ्या रानात मात्र तो भरमसाट टाकू नये, निचरा बिघडतो. पाणी उचलायचे तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. एकट्याला मोटर आणि पाइप परवडत नाही, पण चार घरे एक झाली आणि ठिबक घेतले तर जमते. तीन एकरांपैकी एकात फळझाडे, बांधाला करंज आणि आवळा.

भाच्याला मी शेजारच्या आंबेगाव तालुक्याचे उदाहरण दिले. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि खुद्द आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव अजून त्याचेच, कचेरी मात्र घोडेगावला. तिथल्या विस्थापित आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने जलाशयातली मासेमारी सहकारी पद्धतीने हाती घेतली, गाळपेर केली, डोंगरउतारावर पडकई करून भाताची खाचरे बांधली. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पाण्याने जे नेले ते परत आले नाही. पण पाण्याच्या काठी पाय रोवता आले.

शेवटी पाहुण्यांचा विषय निघाला. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आले. एक एकर जमीन असलेला शेतकरीही त्यात नोंदणी करू शकतो. मी म्हणालो, “अक्का, ज्याला बांधावर बसायचंय त्याला दोन दिवस बसू दे. भाकरी दे, काठ दाखव, पैसे घे. बांध तुझाच राहील.”

अक्का खेकसली, “पाव्हण्याकडनं भाकरीचं पैसं घ्यायचं? तुझ्याकडनं घेऊ का मग?”

मी म्हणालो, “माझ्याकडून आधी घे. माझे बरेच राहिलेत.”

यावर भाचा हसला नाही. खाली मान घालून बसला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “मामा, त्या परवानगीला अर्ज कुणाकडं करायचा?” मी पत्ता लिहून दिला. तरीही त्याने गिऱ्हाइकाला नाही म्हटलेले नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याच्यापुढचा खोलीचा प्रश्न माझ्या कागदाने सुटलेला नाही. अक्काने मात्र आपल्या परीने मुदत घातली. “आखिती होऊं दे. इहिरीचा काठ वर येऊं दे. तवा बघू,” म्हणाली.

निघताना तिने पिशवीत हरभरा भरून दिला, वर शेवग्याच्या शेंगा.

वाचकहो, तुम्हाला माझी विनंती आहे की सुगी आवरली की दोन दिवस काढा आणि धरणाच्या काठी जाऊन या. लेण्याद्रीला चढा, माणिकडोहच्या काठाने चाला, जमल्यास पुढे चावंडजवळ पूर गावच्या कुकडेश्वरापर्यंत जा. कुकडीचा उगम तिथला. देऊळ जुने, दगडी आणि देखणे आहे. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. पायात जुनी चप्पल नको, बूट असू द्या. ओल्या गाळात पुढे पुढे जाऊ नका, वरून कोरडा दिसतो आणि आत पाय गुडघाभर रुततो. पाण्यात पोहायला उतरू नका, खाली कुणाची विहीर आहे ते वरून कळत नाही. प्लॅस्टिक मागे ठेवू नका. कुणाच्या हरभऱ्यातून जाऊ नका, आणि गेलात तर विचारून घाटे तोडा. मालकीण नाही म्हणणार नाही.

आणि आपल्यापैकी जे कालव्याखाली राहतात, त्यांनी तर मुलांना घेऊन एकदा वर जावेच. पाट कुठून येतो ते मुलांना दाखवावे. तिथे कुठे शिलालेख लागणार नाही. ओट्यावर बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारले तर ती पाण्याकडे बोट करून सांगेल.

अक्षय तृतीयेची माझी रजा मंजूर झाली आहे. या वेळी सौ. आणि मुलगी दोघी बरोबर आहेत. मुलीला विहीर पाहायची आहे. आणि हक्कसोडीच्या कागदाची प्रत मी कपाटातून काढून पिशवीत ठेवली आहे. अक्काला ती वाचून दाखवायची आहे. अठरा वर्षांपूर्वीच वाचून दाखवायला हवी होती. वाचून झाल्यावर ती काय म्हणेल आणि मला काय द्यावे लागेल, हे ठाऊक नाही. पण या खेपेला लुगडे घेऊन जाणार नाही.